परमिट रूममधला धूर आणि आम्ही हॉटेल लाइनवाले : बंदी कुणाला हवी, पाळून कुणी घ्यायची?

सिंदफणा
नमस्कार मंडळी,
मी छत्रपती संभाजीनगरात जालना रोडच्या पट्ट्यात एका परमिट रूमवर कॅप्टन आहे. गाव गेवराई तालुक्यातलं. वेटर म्हणून लागलो, पुढे कॅप्टन झालो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, उद्या परत तिथेच ड्युटी आहे.

हॉटेलात सिगारेट ओढायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम लागू झाले. आमच्याही दारावर पाटी आहे. तरी रात्री नऊनंतर एसी हॉलमध्ये पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. ॲशट्रे ठेवता येत नाही, म्हणून आम्ही क्वार्टर प्लेटमध्ये ओला टिश्यू घालून टेबलावर देतो. टेबल उचलताना त्या टिश्यूत पाच-सहा फिल्टर चिकटलेले असतात, राख पाण्यात कालवलेली असते. तो वास हाताला दोनदा साबण लावला तरी जात नाही. घरी गेलो की लेकरू जवळ येतं आणि नाक मुरडून मागे सरकतं.

आता खरी अडचण. टेबलावरचा साहेब आधी मलाच टपरीवर पाठवतो. ‘दोन घेऊन ये, माचिस पण आण.’ मी आणतो, उरलेले पैसे ‘ठेव’ म्हणून माझ्याच हातावर राहतात. ज्यानं सिगारेट आणून दिली त्यानंच पुढच्या मिनिटाला ‘साहेब, इथे ओढू नका’ म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं?

बंदीवर गिऱ्हाईक बोलतात, मालक बोलतात, डॉक्टर बोलतात. त्या हॉलमध्ये दहा-दहा तास उभं राहणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून हॉटेल लाइनमधल्या लोकांनाच विचारतो. तुम्हाला ही बंदी मनापासून हवी आहे का? आणि हवी असेल तर ती पाळून घ्यायचं काम कुणाचं?

माझं उत्तर आधीच सांगतो. मला बंदी हवी. पण ती माझ्या टिपच्या आणि माझ्या नोकरीच्या जिवावर नको.

दुधना
कॅप्टनसाहेब, लई दिवसांनी कुणीतरी आमच्या मनातलं लिहिलं.

मी जालन्यात वेटर आहे आणि मी सवता सिगारेट ओढतो. लोकांना वाटतं ओढणाऱ्या वेटरला काय फरक पडतो. पडतो की! मी दिवसातून चार-पाच ओढतो, त्या मागच्या गल्लीत उभं राहून. हॉलमध्ये मात्र रात्रभर पन्नास जणांची सिगारेट माझ्या छातीत जाऊ लालीय, ती मी मागितलेली नाही. सकाळी उठलं की खोकला माझ्याच सिगारेटीचा की त्यांच्या, काही कळायला मार्ग नाही.

माझं मत बंदीच्या बाजूनं. ओढणाऱ्याचं मत म्हणूनच धरा.

पैठणगेट
मी विरोधात लिहितो, राग मानू नका.

मला बंदी नको. म्हणजे कायदा आहे तो असू द्या, पण कडक करू नका. आमच्या हॉटेलात पगार नावाला आहे, घर चालतं टिपवर. सिगारेट ओढणारं टेबल दोन-अडीच तास बसतं, चार वेळा चखना मागवतं, शेवटी बिलाच्या फोल्डरमध्ये शंभराची नोट ठेवून जातं. फॅमिलीवालं टेबल पाऊण तासात जेवून उठतं, बडीशेप घेऊन जातं, फोल्डरमध्ये सुट्टे. धुरानं मी वीस वर्षांनी आजारी पडेन, खोलीभाडं पाच तारखेला द्यायचंय. नेवाशाच्या पुढे शेतात यंदा काही राहिलं नाही म्हणून इकडे आलो. माझ्यासारख्यानं आज काय बघायचं?

बालाघाट
मी मालकाच्या बाजूनं बोलतो. धुळे-सोलापूर महामार्गावर बीडच्या अलीकडे माझा ढाबा आहे. वर पत्रे, तिन्ही बाजू मोकळ्या. माझ्याकडे धूर साठत नाही. तरीही मी सांगू इच्छितो की एकट्या मालकानं कडक व्हायचं म्हटलं तर गिऱ्हाईक गाडी चालू करून पुढच्या ढाब्यावर जातं. ट्रकवाला अकरा तास गाडी चालवून उतरलेला असतो, शेवभाजी सांगतो आणि बिडी पेटवतो. त्याला मी काय म्हणू?

सगळ्यांना एकच नियम लागला, एकाच दिवशी लागला, तर माझी काहीही तक्रार नाही. एक पाळतो आणि दहा पाळत नाहीत, तेव्हा पाळणारा बुडतो.

श्वास_नलिका
मी छातीविकारांचा डॉक्टर आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस करतो. पैठणगेट यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

दादा, वीस वर्षांनी हा हिशेब अर्धाच आहे. दुसऱ्याच्या धुरानं फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा धोका न ओढणाऱ्या माणसाला २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, हृदयविकाराचा २५ ते ३० टक्क्यांनी. हे झालं लांबचं. पण डोळे चुरचुरणं, घसा बसणं, सकाळचा कफ, जिना चढताना धाप हे आजचं आहे, आणि ते धूर थांबला की लवकर कमीही होतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९८ पासून बारमध्ये धूम्रपान बंद झालं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारटेंडरांची बंदीच्या आधी आणि नंतर तपासणी झाली होती. आधी ३९ जणांना खोकला, धाप, छातीत घरघर असा काही ना काही त्रास होता. बंदीनंतर काही आठवड्यांत त्यातल्या २३ जणांचा त्रास गेला. त्यांच्यात स्वतः सिगारेट ओढणारेही होते. दुधना यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट एसीची. अनेक मालक मला सांगतात, ‘डॉक्टर, आम्ही दोन टनाचे चार एसी बसवलेत.’ स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. हॉलमधलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत हॉलमध्ये सोडतो. दारं-खिडक्या बंद असतात, त्यामुळे न-एसी हॉलपेक्षा तिथे धूर जास्त साठतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की हवा खेळती ठेवून किंवा गाळून हा धोका नाहीसा होत नाही, आणि या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही.

रात्रपाळी
मी वाळूजला कंपनीत आहे. सिगारेट ओढतो आणि महिन्यातून तीन-चारदा मित्रांबरोबर बसतो. धाग्यावर गिऱ्हाईकाचीही बाजू यावी म्हणून लिहितो.

वेटरला त्रास व्हावा असं आमच्या मनात नसतं. खरं सांगतो, आजपर्यंत कधी मनातच आलं नाही. आम्ही बसतो आणि उठून जातो, तो तिथेच असतो हे आज वाचून डोक्यात शिरलं. पण ओढणाऱ्यासाठी वेगळी खोली का करत नाहीत? विमानतळावर असते तशी. खोली असेल तर मी उठून तिथे जाईन. ग्लास हातात घेऊन रस्त्यावर उभं राहता येत नाही ना.

तंदूर_वस्ताद
सगळं बरोबर आहे, पण जरा आमच्याकडेही बघा. मी भट्टीवर आहे. कोळशाची भट्टी, वर चिमणी आहे पण तिचा पंखा कधीपासून बंद पडलाय. रोटी लावताना तोंड भट्टीत, धूर डोळ्यात, बाजूला कढईत तेल जळतंय, लाल मिरचीची फोडणी पडली की अख्खं किचन खोकतं. हॉलमधल्या सिगारेटीसाठी कायदा आहे, पाटी आहे, दंड आहे. आमच्या धुराला काय आहे?

मी बंदीच्या विरोधात नाही. एवढंच म्हणतो की मालकाला एकदा हवेचं सांगायला जाणारच असाल तर किचनच्या चिमणीचंही सांगा.

श्वास_नलिका
वस्ताद, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद किचनमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. चिमणीचा पंखा दुरुस्त करणं ही मेहेरबानी नाही. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर असं काही भट्टीवर असताना जाणवलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि बाकीच्यांनाही बाहेर काढा.

लातूर_ते_डब्लिन
मी मूळचा लातूरचा, औसा रोडला वाढलो. हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि आता आयर्लंडमध्ये एका हॉटेलच्या बारवर काम करतो.

आयर्लंड हा पबसकट सगळ्या कामाच्या जागी धूम्रपान बंद करणारा पहिला देश. तारीख २९ मार्च २००४. मी खूप नंतर आलो, पण माझ्याबरोबर काम करणारे जुने बारमन तो काळ सांगतात. पबमालकांनी आधी फार विरोध केला होता, धंदा बसेल म्हणून. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन मागे हटले नाहीत. आणि त्यांनी मुद्दा काय धरला ते महत्त्वाचं आहे. ओढणाऱ्याला सुधारण्यासाठी कायदा, असं त्यांनी मांडलं नाही. बारमागे उभ्या असलेल्या कामगाराला स्वच्छ हवेत काम करायचा हक्क आहे, असं मांडलं.

नंतर बारमधल्या, सिगारेट न ओढणाऱ्या कामगारांची लाळ तपासली. निकोटीन अंगात गेलं की त्याचं कोटिनिन तयार होतं, ते लाळेत सापडतं. बंदीनंतर ते ८० टक्क्यांनी उतरलं. शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथे उतार २० टक्क्यांचाच होता. म्हणजे न ओढणाऱ्या माणसाच्या अंगातही आधी किती जात होतं ते बघा.

इथे मला कधीही कुणाला ‘विझवा’ म्हणावं लागलेलं नाही. एखादा पेटवायला लागला तर शेजारच्या टेबलावरचाच माणूस दाराकडे बोट दाखवतो. बाहेर मोकळ्या जागेत ओढणाऱ्यांसाठी बाक असतात. ते पावसात, थंडीत कुडकुडत तिथे जाऊन उभे राहतात. आपल्याकडे तर आठ महिने बाहेर बसण्यासारखी हवा असते.

कॅनडातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ओटावा शहरात हेदर क्रो नावाची वेट्रेस होती. जवळपास चाळीस वर्षं हॉटेलांत काम केलं, स्वतः कधी सिगारेट ओढली नाही. २००२ साली फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तिनं तिथल्या कामगार भरपाई मंडळाकडे दावा केला, तो मान्य झाला. मग ती गावोगाव फिरून सांगत राहिली की वेटरचा जीव हा धंद्याचा खर्च नाही. २००६ मध्ये ती गेली. या विषयावर जगात सगळ्यात जास्त परिणाम कुणाच्या बोलण्याचा झाला असेल तर तो एका वेट्रेसच्या, हे मला फार मोठं वाटतं.

पैठणगेट
डब्लिनवाले दादा, तिथे पगार मिळत असेल पुरेसा. टिप नाही मिळाली तरी चूल पेटते. इथलं तसं नाही.

लातूर_ते_डब्लिन
हो, हे मान्य. इथे किमान वेतन तासावर आहे आणि ते द्यावंच लागतं. तुमचा प्रश्न धुराइतकाच पगाराचाही आहे.

परभणीचा_वकील
कायद्याची बाजू मांडतो. थोडं लांब होईल, पण अर्धवट माहितीमुळेच कामगारांचं नुकसान होतं.

मूळ कायदा २००३ चा, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा, ‘कोटपा’ म्हणतात तो. त्याआधी काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला होता. २००८ च्या नियमांत कामाची ठिकाणं, बार, पब, कॅन्टीन हे सगळं सार्वजनिक जागेत आलं. दंड २०० रुपयांपर्यंत. दारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी हवी. आत ॲशट्रे, माचिस, लायटर काहीही पुरवायचं नाही. म्हणजे सिंदफणा, ती क्वार्टर प्लेट आणि टपरीवरून आणलेली माचिस, दोन्ही नियमाच्या विरुद्ध आहेत.

आता जबाबदारी कुणाची? नियमात मालक, व्यवस्थापक, पर्यवेक्षक किंवा त्या जागेचा प्रभारी असं लिहिलं आहे. तक्रार येऊनही त्यांनी काही केलं नाही तर जितके जण ओढताना सापडले तितक्या गुन्ह्यांचा दंड त्यांच्यावर बसतो. वेटरचं नाव त्यात नाही.

रात्रपाळी यांनी वेगळ्या खोलीचं विचारलं. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि ३० किंवा जास्त बैठकीचं रेस्टॉरंट यांना अशी जागा करता येते. पण तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं, आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकली गेली पाहिजे आणि ती जागा येण्या-जाण्याच्या दारात नको. पडदा लावून किंवा काचेचं अर्धं पार्टिशन टाकून ‘स्मोकिंग झोन’ लिहिलं की झालं, असं नाही.

आणि आता या धाग्यावरच्या प्रत्येक वेटरनं नीट वाचावं. २०१७ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून त्या धूम्रपानाच्या खोलीत कसलीही सर्व्हिस द्यायला मनाई आहे. जेवण नाही, पेय नाही, काहीच नाही. ओढणाऱ्यानं आत जायचं, ओढायचं, बाहेर यायचं. वेटरनं ट्रे घेऊन त्या खोलीत जायचंच नाही.

राज्यात आणखी एक गोष्ट झाली. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या पबमध्ये आग लागून १४ जण गेले, चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांचं कारण पुढे आलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लरवर बंदी आणली, त्यात थेट तुरुंगवासाची शिक्षा आहे. सिगारेटचा दंड मात्र २०० रुपयांवरच आहे. एका क्वार्टरच्या बिलातही त्याहून जास्त जातात.

सिंदफणा
वकीलसाहेब, ती खोलीतल्या सर्व्हिसची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. आमच्या ओळखीतल्या एका ठिकाणी वरच्या मजल्यावर काचेची खोली आहे. सोफे आहेत, टीव्ही आहे, क्रिकेट असलं की खचाखच भरते. तिथे सर्व्हिसला कुणी जुना वेटर जात नाही, नवीन पोरांना पाठवतात. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, परवा-परवा गावाकडून आलेली. ‘नवा आहेस, वर जा.’ रात्रभर आत-बाहेर करून ती पोरं खाली येतात तेव्हा डोळे लाल झालेले असतात.

म्हणजे त्यांना आत पाठवणंच चूक आहे. हे त्या पोरांना सांगायला पाहिजे.

ताई_हाउसकीपिंग
नमस्कार. मी नांदेडला एका लॉजवर हाउसकीपिंगला आहे. माझी मुलगी टाइप करून देते आहे.

दादा, तुम्ही हॉलचं बोलता, खोल्यांचं कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक बाथरूममध्ये एग्झॉस्ट लावून ओढतं आणि त्याला वाटतं धूर गेला. धूर पडद्यात बसतो, रगात बसतो, उशीत बसतो. मी खिडकी उघडते, फिनेलनं फरशी पुसते, अभ्रे बदलते, स्प्रे मारते. तरी पुढचं गिऱ्हाईक दारातूनच म्हणतं, ‘वास येतोय.’ सुपरवायझर माझ्याकडं बघतो. चादरीला सिगारेटचं भोक पडलं तर ओढणारा निघून गेलेला असतो, बोलणी मला बसतात. एकदा गादीला भोक होतं, वरून चादर नीट घातलेली. आत कापूस काळा झालेला. रात्री पेट घेतला असता तर?

मला बंदी पाहिजे. आमच्याकडं धुरापेक्षा आगीची भीती जास्त आहे.

अजून एक सांगते. इथं गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कुणी तंबाखूचं नाव काढत नाही, शीख धर्मात ते वर्ज्य आहे. देशभरातून माणूस येतो. जो माणूस आमच्या लॉजवर खोलीत ओढतो, तोच तिथं जाताना खिशातलं पाकीट बाहेर ठेवून जातो. त्याला कुणी दंड करत नाही, कुणी भांडत नाही. तिथं सगळे एकच सांगतात म्हणून तो ऐकतो. आमच्या लॉजवर मालक काही म्हणत नाही, मॅनेजर काही म्हणत नाही, मग मी एकटी झाडूवाली बाई म्हणून कोण ऐकणार?

दुधना
ताई, लई खरं बोललात.

मांजराकाठ
लातूरला एका फॅमिली रेस्टॉरंट-बारवर मॅनेजर आहे. आम्ही हे करून बघितलंय, म्हणून अनुभव लिहितो. उपदेश समजू नका.

आधी आमच्याकडेही वेटरच सांगायचा आणि शिव्या खायचा. पेटवल्यावर सांगितलं की गिऱ्हाईकाला चारचौघांत अपमान वाटतो, त्यात दोन पेग झालेले असतात. मग आम्ही सांगायची वेळ बदलली. गिऱ्हाईक टेबलावर बसतानाच, ऑर्डर घ्यायच्या आधी, मी स्वतः जाऊन सांगायला लागलो : ‘साहेब, आत सिगारेट चालत नाही, मागे लिंबाखाली बाक टाकलेत.’ त्या वेळी माणूस शांत असतो, ऐकतो. नसेल पटत तर ऑर्डरच्या आधीच उठून जातो, भांडण होत नाही. मागे मोकळ्या अंगणात दोन बाक आणि वाळूची बादली ठेवली आहे, दारापासून लांब. तिथे सर्व्हिस देत नाही. वेटरनं टपरीवर जायचं नाही, हा नियम मालकानं सगळ्यांसमोर सांगितला. त्यामुळे वेटरला गिऱ्हाईकाला नाही म्हणताना ‘मालकानं मनाई केलीय’ असं म्हणता येतं. त्याच्या डोक्यावरचं ओझं तिथेच उतरलं.

पैठणगेट यांचा टिपचा प्रश्न आमच्याही पोरांनी केला होता, आणि तो खोटा नव्हता. ज्याच्या स्टेशनला, म्हणजे वाट्याच्या टेबलांवर, ओढणारी गिऱ्हाईकं यायची त्याची टिप कमी झाली. म्हणून गल्ल्याजवळ टिपचा एकच डबा ठेवला. सगळ्यांची टिप त्यात, रात्री हिशेब करून वाटून घ्यायची, किचनलाही वाटा. सुरुवातीला दोन जुने वेटर नाराज झाले, एक सोडूनही गेला. बाकीचे टिकले.

धंद्याचं विचाराल तर काही जुनी गिऱ्हाईकं गेली, त्यातली काही परत आली, काही नाही आली. संध्याकाळी सात ते नऊ बायका-मुलांची टेबलं वाढली. मालकाचा गल्ला कमी झाला असता तर त्यानं हे इतके दिवस चालू दिलं नसतं, एवढं सांगतो.

पैठणगेट
हा टिपच्या डब्याचा मार्ग पटला. पण डब्याची चावी मालकाकडे नको. आमच्याकडे एकदा असाच डबा ठेवला होता, फुटलेल्या ग्लासांचे पैसे त्यातूनच कापायला लागले.

मांजराकाठ
आमच्याकडे चावी वेटरांपैकी एकाकडे असते, दर महिन्याला माणूस बदलतो. मी हात लावत नाही.

रात्रपाळी
लातूरसारखं संभाजीनगरात कुठे असेल तर मी तिथे बसेन. मनापासून लिहितोय. आणि पुढच्या वेळी वेटरला टपरीवर पाठवणार नाही, पाय मला पण आहेत.

बालाघाट
मांजराकाठ यांचं वाचून एक शंका. ते शहरात, त्यांच्याकडे मागे अंगण आहे. संभाजीनगरात पहिल्या मजल्यावरच्या हॉलला अंगण कुठलं? तिथे गिऱ्हाईक जिना उतरून खाली जाणार, बिल न देता जाणार नाही कशावरून?

मांजराकाठ
हा प्रश्न रास्त आहे. आमच्या ओळखीच्या एकानं गच्चीचा उपयोग केलाय, पण गच्चीवर पिऊन माणूस कठड्याशी उभा राहणार, त्याची काळजी वेगळी. जागेप्रमाणे ज्याचा त्यानं विचार करावा. बिलाचं म्हणाल तर टेबलावर चार जणांतले दोन बसूनच असतात. एकटं गिऱ्हाईक असेल तर दारातला माणूस लक्ष ठेवतो.

श्वास_नलिका
एक आकडा या चर्चेत यायला हवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तंबाखू-गुटखा खाणारे २४.४ टक्के. म्हणजे हॉलमध्ये धूर करणारे मूठभर आणि तो घेणारे सगळे. त्याच सर्वेक्षणात देशभर बंदिस्त जागी काम करणाऱ्या ३०.२ टक्के लोकांना कामावर दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. २००९-१० मध्ये हा आकडा २९.९ होता. नियम येऊन इतकी वर्षं झाली आणि कामाच्या जागेवरची हवा आहे तिथेच राहिली.

आणि वेटर मित्रांनो, रागावू नका, तुमच्यातल्या अनेकांच्या ओठात मी तंबाखूची गोळी बघतो. रात्रीची ड्युटी, झोप मारायची, भूक मारायची म्हणून ती लागते हेही जाणतो. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या टोल फ्री क्रमांकावर बोला. पाकिटावर छापलेला असतो तोच क्रमांक.

सिंदफणा
सगळ्यांचे आभार. डब्याची कल्पना आणि ऑर्डरच्या आधी सांगायची पद्धत, या दोन्ही गोष्टी मी मालकांपुढे मांडणार आहे. वस्तादांची चिमणीही यादीत आहे. एकटा गेलो तर ‘तुला काय झालं एकदम’ म्हणतील, म्हणून दोन वेटर, एक किचनमधला आणि मी असे मिळून जाणार आहोत, सोमवारी दुपारी, गर्दी नसताना.

वकीलसाहेब, एक शेवटचं विचारतो. पाटीवर खाली ‘तक्रारीसाठी संपर्क’ अशी जागा असते. तिथे नाव कुणाचं असायला पाहिजे?

परभणीचा_वकील
ज्याच्याकडे तक्रार करायची आणि जो कारवाई करू शकतो त्याचं. जागेचा मालक, मॅनेजर, सुपरवायझर किंवा प्रभारी. अनेक ठिकाणी मी बघितलंय, तिथे एखाद्या कॅप्टनचं किंवा कॅशियरचं नाव टाकतात आणि गिऱ्हाईकाला बाहेर काढायचा अधिकार मात्र त्याला देत नाहीत. अधिकार नसेल तर नाव लिहू देऊ नका. तुमच्या पाटीवर कुणाचं आहे?

सिंदफणा
आत्ता ड्युटीवर येऊन बघितलं. माझंच आहे. मला न विचारता लिहिलंय, मोबाइल नंबरसकट. सोमवारच्या बोलण्यात पहिला मुद्दा हाच घेतो. तिथे मालकांचं नाव लिहायचं, किंवा माझं ठेवायचं असेल तर पेटवणाऱ्याचं टेबल थांबवायचा आणि बिल देऊन उठवायचा अधिकार मला सगळ्या स्टाफसमोर द्यायचा. काय ठरलं ते इथेच लिहीन.

दुधना
लिहा कॅप्टन. आम्ही पण आमची पाटी बघू लालो आज.